हरभऱ्यावरील घाटेअळीचा ल्यूर दहा दिवसांत का थकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण विदर्भात कामगंध सापळ्यांसाठी तीन प्रकारचे ल्यूर, म्हणजे मादीच्या गंधाने (फेरोमोनने) नर पतंगाला ओढणारी आमिषे, तयार करता: कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी, हरभरा व तुरीवरील घाटेअळीसाठी आणि सोयाबीनवरील तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीसाठी. तिन्हींची कृती एकच आहे. लाल रबरी सेप्टा (छोटे बूच) घ्यायचा, त्यात हेक्झेनमध्ये विरघळवलेले २ मिलिग्रॅम फेरोमोन जिरवायचे आणि फेरोमोनच्या एक टक्का इतके बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारा स्थिरक) घालायचे. बोंडअळीचा ल्यूर महिनाभर चालतो, सोयाबीनचा दोन आठवड्यांनी मंदावतो आणि घाटेअळीचा तर दहाव्या दिवसापासूनच पतंग पकडेनासा होतो. मात्रा दुप्पट करावी की बीएचटी वाढवावे, मायक्रोकॅप्सूलकडे (फेरोमोनच्या थेंबांभोवती सूक्ष्म कवच) वळावे काय आणि पाकिटावर किती मुदत छापावी, असे आपण विचारले आहे.

खरी अडचण 'एकच कृती' या दोन शब्दांत आहे. या तीन किडींचे फेरोमोन रसायन म्हणून तीन वेगळ्या स्वभावांचे आहेत आणि प्रत्येकाचा नाश वेगळ्या वाटेने होतो. त्यामुळे कोणता स्थिरक किती घालावा हे ठरवण्याआधी आपला ल्यूर संपतो आहे की बिघडतो आहे, हे सिद्ध करून घ्यावे लागते. या दोन घटनांवरचे उपाय जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत.

त्याआधी पतंगच कमी झालेले नाहीत, याची खात्री करा. घाटेअळीच्या पतंगांची ये-जा पिढीनुसार चढते-उतरते. पौर्णिमेच्या आसपास आणि थंडीच्या रात्री सापळ्यातील आकडे तसेही घसरतात. म्हणून एकाच सापळ्याचा दहा दिवसांचा आलेख पाहून ल्यूरविषयी काहीच म्हणता येत नाही. योग्य पद्धत, म्हणजे वयोक्रम चाचणी, अशी की ल्यूर टप्प्याटप्प्याने जुने करायचे. काही ल्यूर एक महिना आधी, काही तीन आठवडे, काही दोन आठवडे, काही एक आठवडा आधी शेतातल्याच वातावरणात, पण पतंगांच्या वावरापासून दूर टांगून ठेवायचे. मग एकाच रात्री हे सारे आणि पाकिटातून नुकतेच काढलेले ताजे ल्यूर एकाच शेतात पुरेसे अंतर राखून लावायचे आणि दररोज सापळ्यांच्या जागा फिरवायच्या. असे केले की हवामान, चंद्र आणि पिढी सर्वांना सारखीच राहते आणि उरतो तो फक्त ल्यूरच्या वयाचा फरक.

याच जुन्या ल्यूरचा दुसरा संच प्रयोगशाळेत पाठवा. सेप्ट्याचे चार तुकडे करून ते हेक्झेन आणि डायक्लोरोमिथेनच्या मिश्रणात रात्रभर भिजवावेत, त्यात मोजून घातलेले आंतरिक मानक (तुलनेसाठीचा ज्ञात पदार्थ) असावे आणि गॅस क्रोमॅटोग्राफीवर शिल्लक फेरोमोन मोजावे. ताज्या सेप्ट्यातून भरलेली मात्रा जवळजवळ पूर्ण परत मिळते ना, हे आधी तपासावे. ते जमत नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही. आता निष्कर्षाचे तीन मार्ग दिसतात. फेरोमोन घटले आहे, पण आलेखावर इतर कोणतेही शिखर, म्हणजे दुसरा पदार्थ, वाढलेले नाही, तर ते उडून गेले आहे, म्हणजे ल्यूर संपला. फेरोमोन घटले आहे आणि नवी शिखरे उगवली आहेत, किंवा घटीचा हिशेबच लागत नाही, तर ते बिघडले आहे. आणि फेरोमोन भरपूर शिल्लक असूनही पतंग येत नसतील, तर एकतर ते रबरात अडकून बसले आहे किंवा त्याच्याबरोबर पतंगाला परतवणारे काहीतरी बाहेर पडते आहे. हा तिसरा प्रकार बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण 'दिवस ३०, शिल्लक ६० टक्के' असा अहवाल हाती आला की ल्यूर स्थिर आहे असे समजून फाइल बंद केली जाते. माझ्या मते ल्यूरची स्थिरता सेप्ट्यात उरलेल्या मात्रेवरून ठरवूच नये. ठरल्या दिवसांपर्यंत, ठरल्या प्रमाणातले मिश्रण, पतंगाला पुरेल अशा दराने बाहेर पडत राहणे, एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

मात्रा दुप्पट करण्याविषयी. रबरी सेप्ट्यातून फेरोमोन शिल्लक साठ्याच्या प्रमाणात बाहेर पडते, म्हणून त्याला अर्धायू, म्हणजे साठा निम्मा होण्याचा ठरावीक काळ, असते. समजा एखाद्या फेरोमोनची अर्धायू १५ दिवस आहे आणि शिल्लक ०.५ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर पतंग येत नाहीत. मग २ मिलिग्रॅमचा ल्यूर ३० दिवस चालेल, तर ४ मिलिग्रॅमचा ४५ दिवस. खर्च दुप्पट झाला आणि पदरात पडली ती फक्त एक अर्धायू. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत गंध इतका दाट होतो की काही जातींचे नर सापळ्यापर्यंत येऊन घुटमळतात, पण आत शिरत नाहीत. बिघाड हेच कारण असेल तर मात्रा वाढवणे आणखी निरुपयोगी ठरते, कारण बिघडलेल्या पदार्थांचीही मात्रा तितकीच वाढते. तापमानाचा परिणामही येथेच सांगतो. या लांबीच्या रेणूंचा बाष्पदाब तापमान १० अंशांनी वाढले की साधारण तिप्पट होतो. त्यामुळे २५ अंशांच्या खोलीत काढलेली अर्धायू ऑक्टोबरच्या ३५ अंशांच्या दुपारी लागू पडत नाही, आणि टिनाच्या झाकणाखाली तर नाहीच.

आता घाटेअळीकडे येऊ, कारण आपली खरी डोकेदुखी तीच आहे. हेलिकोव्हर्पा आर्मिजेराच्या मादीच्या गंधातील दोन मुख्य घटक म्हणजे झेड-११-हेक्झाडेसिनाल आणि झेड-९-हेक्झाडेसिनाल. ल्यूरमध्ये ते प्रचलितपणे ९७ आणि ३ या प्रमाणात घेतले जातात. दोन्हींत कार्बन सोळाच असल्याने बाष्पीभवनामुळे हे प्रमाण फारसे ढळत नाही, ही जमेची बाजू. दोन्ही आल्डिहाइड आहेत, ही अडचणीची. आल्डिहाइड हवेतील ऑक्सिजन घेऊन आधी पेरॲसिड आणि मग आम्ल बनते. प्रकाश आणि लोह, तांबे यांचे सूक्ष्म अंश ही साखळी वेगाने चालवतात. दुसरी वाट याहून फसवी आहे. आम्लाचा अंश मिळाला की आल्डिहाइडचे तीन रेणू एकमेकांना जोडले जाऊन ट्रायऑक्झेनचे कडे तयार होते. हा त्रिलक रेणू अठ्ठेचाळीस कार्बनांचा, जड, जवळजवळ न उडणारा, म्हणून पतंगाच्या दृष्टीने गंधहीनच असतो. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या नेहमीच्या पद्धतीत तो दिसत नाही. उलट तापलेल्या इंजेक्टरमध्ये तो फुटून पुन्हा आल्डिहाइड होण्याची आणि बिघडलेला माल चांगला भासण्याची शक्यता असते. त्यामुळे आल्डिहाइडच्या बाबतीत मी केवळ त्या एका यंत्रावर विसंबत नाही. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतील हायड्रोजन ओळखणाऱ्या चाचणीत) आल्डिहाइडचा संकेत ९.७६ पीपीएमच्या आसपास आणि ट्रायऑक्झेनच्या कड्यावरील हायड्रोजनचा ४.८ च्या आसपास दिसतो. या दोहोंचे गुणोत्तर पाहिले की किती माल त्रिलकात अडकला आहे हे लगेच कळते. जवळच्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत शुल्क भरून ही चाचणी करून घेता येते.

आता आपला लाल सेप्टा पाहा. तो प्रयोगशाळेतल्या बाटल्यांचे बूच म्हणून बनलेला असतो, फेरोमोनसाठी नव्हे. रबर पक्के करताना वापरलेले गंधक, त्वरक आणि इतर भरकांचे अवशेष त्यात राहतात आणि आल्डिहाइडला ते मानवत नाहीत. म्हणून माझी पहिली शिफारस स्थिरकाची नसून वाहकाची, म्हणजे फेरोमोन धरून ठेवणाऱ्या वस्तूची, आहे. सेप्टाच वापरायचा असेल तर तो भरण्यापूर्वी डायक्लोरोमिथेनने सॉक्स्लेटमध्ये (द्रावकाने वारंवार धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) धुऊन, वाळवून घ्यावा आणि धुतलेला व न धुतलेला यांची तुलना वरच्या पद्धतीने करावी. त्याहून बरा पर्याय म्हणजे पातळ भिंतीची बंद पॉलिथिलीन कुपी किंवा पीव्हीसीमध्ये फेरोमोन मिसळून ओतलेली वडी. मात्र कुपी घेतली म्हणून गंध रोज समान दराने सुटेल, असे गृहीत धरू नका. २ मिलिग्रॅम इतके द्रव्य प्लास्टिकच्या भिंतीतच मुरते आणि पुन्हा अर्धायूचाच नियम लागू होतो. कुपीचा लाभ मुख्यतः रासायनिक आहे.

कच्च्या मालाचेही तपासा. झेड-११-हेक्झाडेसिनाल बहुधा त्याच्याच अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण करून बनवतात. त्यामुळे '९५ टक्के शुद्ध' असे प्रमाणपत्र असलेल्या मालात उरलेल्या पाच टक्क्यांत झेड-११-हेक्झाडेसिनॉल असू शकते, आणि घाटेअळीच्या नराला ते अल्कोहोल परतवून लावते. पुरवठादाराकडून शुद्धतेच्या टक्क्यांबरोबरच उरलेल्या भागात नेमके काय आहे हेही लेखी मागवा. माल आला की पातळ सोडियम बायकार्बोनेटने धुऊन आम्लाचा अंश काढावा, पाणी काढून कोरडा करावा आणि निव्वळ स्वरूपात न ठेवता हेक्झेनमधील द्रावण करून, वर नायट्रोजन सोडून, उणे २० अंशांवर ठेवावा. निव्वळ आल्डिहाइडमध्ये तीन रेणूंची भेट सोपी असते, विरळ द्रावणात ती क्वचित होते. अनेकजण डीप फ्रीजर घेतात, पण बाटली मात्र निव्वळ द्रव्याची ठेवतात, आणि मग थंडीतही माल कसा बिघडला याचे नवल करतात.

बीएचटीविषयी सविस्तर लिहितो, कारण या व्यवसायात त्याच्यावर आंधळी श्रद्धा आहे. ऑक्सिडीकरणाची साखळी तोडणे एवढेच त्याचे काम. ते गंधकाचा उपद्रव थांबवत नाही, त्रिलकीकरण थांबवत नाही आणि प्रकाशात होणारे समघटकीय बदलही (अणू तेच, पण रेणूची मांडणी वेगळी) रोखत नाही. आपली एक टक्का मात्रा कमीच आहे. फेरोमोनच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के ही प्रघातातली मात्रा आहे आणि आल्डिहाइडसाठी मी दहाच्या बाजूला राहतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बीएचटी स्वतः सोळा कार्बनी फेरोमोनपेक्षा बरेच जास्त बाष्पशील आहे. म्हणजे उन्हात टांगलेल्या सेप्ट्यातून पहारेकरी आधी निघून जातो आणि तिजोरी नंतर उघडी पडते. दोन-तीन आठवड्यांनंतर अचानक घसरण दिसत असेल तर हे कारण तपासण्याजोगे आहे, आणि ते सोपे आहे, कारण त्याच क्रोमॅटोग्रॅमवर बीएचटीचे शिखरही दिसते. उपाय म्हणजे बीएचटीबरोबर थोडा जड फेनॉलिक ऑक्सिडीकरणरोधक घालणे. प्लास्टिक उद्योगात इर्गानॉक्स १०७६ या नावाने मिळणारा चालतो, अल्फा-टोकोफेरॉलही चालते. मात्र अमाइन गटाचे ऑक्सिडीकरणरोधक आणि प्रकाशस्थिरक आल्डिहाइडपासून दूरच ठेवा. अमाइन आणि आल्डिहाइड यांची आपसात अभिक्रिया होते आणि मग स्थिरकच फेरोमोन खाऊ लागतो.

सोयाबीनच्या ल्यूरमधला दोष वेगळ्याच जागी आहे. स्पोडोप्टेरा लिट्युराचा मुख्य घटक झेड-९, ई-११-टेट्राडेकाडायनिल ॲसिटेट आहे. त्यातले दोन दुहेरी बंध एकाआड एक, म्हणजे संयुग्मित आहेत. असा रेणू अतिनील प्रकाशात आणि गंधकयुक्त रबराच्या सान्निध्यात वळतो. झेड-ई समघटकाचे (झेड आणि ई ही दुहेरी बंधाभोवतीच्या दोन मांडण्यांची नावे) चारही समघटकांचे मिश्रण होऊ लागते आणि त्यात ई-ई वरचढ ठरतो. भूमध्य सागराच्या परिसरात कापसावर येणाऱ्या स्पोडोप्टेरा लिटोरॅलिसचाही मुख्य घटक हाच आहे, आणि इस्राएलमधील संशोधकांनी शेतात वापरलेल्या ल्यूरमध्ये समघटकांबरोबर ऑक्सिजन जोडून बनलेली फ्युरान वर्गातील संयुगेही दाखवली होती. येथे बीएचटी अर्धेच काम करते. उरलेले काम सावलीने होते. ल्यूर नरसाळे सापळ्याच्या झाकणाखालच्या खोबणीतच बसवला जाईल, असे चित्र पाकिटावर छापा. शेतकरी तो बऱ्याचदा बाहेरच्या तारेला अडकवतात आणि दोष ल्यूरला देतात. वाहकात २-हायड्रॉक्सी-४-मेथॉक्सीबेन्झोफेनोनसारखा अतिनील-शोषक फेरोमोनइतक्याच वजनापर्यंत घालून पाहावा, किंवा काळ्या रंगाची, काजळीयुक्त प्लास्टिकची कुपी घ्यावी. विश्लेषण करणाऱ्याला गॅस क्रोमॅटोग्राफीत सायनोप्रोपिल प्रकारचा ध्रुवीय स्तंभ (घटक वेगळे करणारी नळी) वापरायला सांगा. सर्वसाधारण स्तंभावर हे समघटक एकमेकांवर चढतात आणि सारे काही ठीक आहे असा अहवाल येतो.

बोंडअळीचा ल्यूर आपला सर्वांत चांगला चालतो, यात कृतीचे कौतुक कमी आणि रेणूचे जास्त आहे. गॉसिप्लुअर म्हणजे ७,११-हेक्झाडेकाडायनिल ॲसिटेटच्या झेड-झेड आणि झेड-ई या दोन समघटकांचे साधारण समसमान मिश्रण. ते आल्डिहाइड नाही, त्याचे दुहेरी बंध संयुग्मित नाहीत, आणि दोन बंधांच्या मधोमध एकच मिथिलीन असण्याची, म्हणजे ऑक्सिजनला आयते दार मिळण्याची, परिस्थितीही त्यात नाही. दोन्ही समघटकांचा बाष्पदाब सारखाच असल्याने प्रमाणही टिकते. १९७३ मध्ये त्याची ओळख पटली आणि १९७८ मध्ये अमेरिकेत मीलन रोखण्यासाठी त्याची नोंदणी झाली. एवढ्या लवकर ते शेतात उतरू शकले यामागे हा सोशिकपणाही आहे. आज आपल्याकडे कापसाच्या झाडाला बांधल्या जाणाऱ्या मीलन-अडथळा दोऱ्यांमध्येही तेच असते. फरक एवढाच की दोरीच्या पोकळ नळीत द्रवाचा साठा असतो, म्हणून तो संपेपर्यंत गंध जवळजवळ समान दराने सुटतो. त्यामुळे बोंडअळीच्या ल्यूरची कृती बदलू नका. सापळ्यामागे रात्रीगणिक आठ पतंग सलग तीन रात्री मोजून फवारणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र एक गोष्ट महत्त्वाची आहे. थकलेला ल्यूर आठाऐवजी पाच दाखवतो आणि निर्णय आठवडाभर उशिरा होतो. नियंत्रणासाठीच्या ल्यूरपेक्षा टेहळणीच्या ल्यूरमध्ये स्थिरता जास्त मोलाची असते, असे मी मानतो ते याच कारणाने.

आपण विचारलेले नाही, तरी पुढे मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचा ल्यूर करणार असाल तर एक सूचना देऊन ठेवतो. त्याचा मुख्य घटक चौदा कार्बनी आणि आवश्यक गौण घटक बारा कार्बनी ॲसिटेट आहे. दोन कार्बन कमी असलेला हा घटक कितीतरी पटींनी लवकर उडतो. काही आठवड्यांनी ल्यूरमध्ये मुख्य घटक भरपूर उरतो, पण मिश्रण म्हणून तो निकामी होतो. तेथे कोणताही ऑक्सिडीकरणरोधक उपयोगाचा नाही. दोन घटकांचे सुटण्याचे दर जुळवणारा वाहकच शोधावा लागतो.

मायक्रोकॅप्सूलकडे आत्ता वळू नका, निदान घाटेअळीसाठी तरी नाही. सर्वांत रूढ कवच पॉलियुरियाचे असते आणि ते आयसोसायनेट व अमाइन यांच्या अभिक्रियेतून थेंबाच्या पृष्ठभागावर तयार होते. त्या अमाइनला आल्डिहाइड आयतेच सापडते. फेरोमोन अल्कोहोल असेल तर ते आयसोसायनेटशी जुळते. ॲसिटेट यातून बरेच सुखरूप बाहेर पडतात, परंतु माध्यम आम्लारीधर्मी झाले तर त्यांचेही जलविच्छेदन होऊन अल्कोहोल सुटते. आल्डिहाइड फवारण्याजोगे करायचेच असेल तर पॅराफिन मेणाचे पायस (पाण्यात मेणाचे बारीक कण) हा अधिक सौम्य मार्ग आहे. आम्लप्रक्रिया केलेल्या बेंटोनाइटसारख्या मातीवर फेरोमोन शोषवण्याची स्वस्त युक्ती सुचवणारे भेटतील. असल्या मातीचा पृष्ठभाग स्वतःच उत्प्रेरक असतो, हे ध्यानात ठेवून नकार द्यावा. आल्डिहाइडला ॲसिटल किंवा बायसल्फाइट संयुगाच्या रूपात झाकून शेतात हळूहळू मोकळे करण्यावर चांगले संशोधन झाले आहे, पण हवेतील ओलाव्यावर अवलंबून असणारा तो दर सांभाळणे आपल्या आकाराच्या कारखान्याला झेपणारे नाही.

राहिला मुदतीचा प्रश्न. साध्या पॉलिथिनच्या पाकिटातून ऑक्सिजन आत आणि फेरोमोन बाहेर, दोन्ही जातात. म्हणून ॲल्युमिनियम थर असलेले बहुपदरी पाकीट, शक्य तर नायट्रोजन भरून, उष्णतेने बंद केलेले असावे आणि एका पाकिटात एकाच किडीचा ल्यूर असावा. भरण्याची टेबले आणि हातमोजेही किडीनुसार वेगळे ठेवा. कीटकनाशकांसाठी प्रचलित असलेली ५४ अंशांवर १४ दिवसांची त्वरित साठवण चाचणी ॲसिटेटसाठी ठीक आहे. आल्डिहाइडला ती अवास्तव कठोर ठरते, त्यासाठी ४० अंशांवर ८ आठवड्यांचा पर्याय घ्या आणि त्याच वेळी काही पाकिटे खोलीच्या तापमानाला व काही उणे २० अंशांवर ठेवून प्रत्यक्ष वेळेची नोंदही सुरू करा. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात राहिलेल्या पाकिटांचा नमुना वेगळा तपासा, कारण आपला माल बहुतेक वेळा तेथेच असतो. पाकिटावर दोन मुदती छापाव्यात. बंद पाकिटाची मुदत साठवणीच्या तापमानासह छापा आणि पाकीट फोडल्यानंतर शेतात चालणारे दिवस वेगळे छापा. नवा वाहक ठरून वयोक्रम चाचणी पुरी होईपर्यंत घाटेअळीच्या ल्यूरवर दुसऱ्या मुदतीत 'दर ८ दिवसांनी बदलावा' असेच लिहा. विक्रेते त्यावर कुरकुर करतील. बोंडअळीच्या ल्यूरवरची महिन्याची मुदत मात्र खरीप हंगामातील तापमानात तपासून तशीच ठेवायला हरकत नाही.